परमुलखातले जायबंदी

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं. वळिवड्यातल्या पोलिश शाळा, चर्च, नाटकं, बालवीरांची पथकं यांविषयी मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. पण त्या छावणीत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. त्यांचे नवरे, बाप आणि भाऊ त्या वेळी इराकच्या वाळवंटात कवायत करत होते. वर्षभरात ते इटलीच्या डोंगरांत लढणार होते. त्यांतले कित्येक मेले. कित्येक हातपाय, डोळे किंवा फुप्फुसं गमावून जगले, आणि लढाई संपली तेव्हा त्यांना परतायला देशच उरला नव्हता. या माणसांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं कोणी सांभाळलं, हे सांगितल्याशिवाय वळिवड्याची गोष्ट पुरी होत नाही.

१ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आलं. पुढच्या वर्षी हिटलरनं रशियावरच हल्ला चढवल्यावर चित्र पालटलं. ३० जुलै १९४१ ला पोलंडचं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैदी सुटले आणि त्यांच्यातूनच एक फौज उभी राहिली. तिचे सेनापती जनरल आंदर्स स्वतः मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून नुकतेच बाहेर आले होते. १९४२ मध्ये दोन खेपांत सुमारे १,१५,००० पोलिश माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. टायफस, हगवण आणि उपासमार यांनी त्यांची हाडं वर आली होती. सैनिक इराककडे आणि पॅलेस्टाइनकडे गेले, कुटुंबं भारतात आणि आफ्रिकेत. भारतात आलेल्या आजाऱ्यांसाठी पाचगणीला पोलिश आरोग्यकेंद्र चालवावं लागलं, इतकी त्यांची प्रकृती ढासळली होती. सैनिकांचीही गत निराळी नव्हती. शत्रूची पहिली गोळी झाडली जाण्याआधीच या फौजेतले पुष्कळ जण आतून पोखरले गेले होते. पुढे निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरणार होती.

मग आलं माँते कासिनो. रोमच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आणि त्याभोवती जर्मनांनी खडकांत खणलेली ठाणी. फेब्रुवारी आणि मार्च १९४४ मध्ये याच उतारांवर भारतीय चौथ्या डिव्हिजनची माणसं कापली गेली होती. ११ मेच्या रात्री पोलिश तुकड्या चढल्या आणि मागे रेटल्या गेल्या. १७ तारखेला पुन्हा चढल्या, आणि १८ मेच्या सकाळी मठाच्या भग्न भिंतींवर त्यांचं निशाण लागलं. त्या लढाईत ९२३ मेले, ३४५ बेपत्ता झाले, २,९३१ जखमी झाले. तिथल्या खडकात चढाई करणाऱ्यांना खंदक खणता येत नव्हता. तोफगोळा फुटला की लोखंडाबरोबर दगडाच्या चिपाही उडत आणि चेहऱ्यात, डोळ्यांत घुसत. वाटांवर सुरुंग पेरलेले होते. सुरुंग शोधण्याच्या ज्या यंत्रानं इजिप्तमधल्या एल अलामेनला ब्रिटिश फौजेला वाट काढून दिली, ते योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानंच स्कॉटलंडमध्ये घडवलं होतं. इतरांचे पाय वाचवण्याचं साधन देणाऱ्या देशाच्या सैनिकांनी इथे आपले पाय गमावले.

लढाई तिथेच थांबली नाही. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या शेवटच्या मोठ्या चढाईत पोलिश तुकड्या होत्या, आणि त्याच नदीवर त्याच दिवशी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच दिवसाच्या पराक्रमासाठी. जखमी साथीदारांना त्यांनी एकामागून एक नदीपार आणलं, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बनं मशीनगनची ठाणी उडवली. त्या दिवशी पोलिश तुकड्यांवर मित्रपक्षाच्याच विमानांचे बॉम्ब चुकून पडले आणि जखमींची संख्या वाढली. जाधव पुढे आपल्या गावी परतू शकले. सेनिओच्या पोलिश जखमींना ते भाग्य मिळायचं नव्हतं.

कारण दोनच महिन्यांपूर्वी याल्टाला तीन बड्या राष्ट्रप्रमुखांनी पोलंडची पूर्वेकडची सीमा सरकवली होती. ल्वुफ, विल्नो आणि आसपासचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. आंदर्सच्या फौजेतले बहुतेक सैनिक याच भागातले. त्यांच्या गावावर परकं सरकार आलं होतं असं म्हणणंही अपुरं आहे; गाव आता पोलंडमध्येच नव्हतं. २७ फेब्रुवारी १९४५ ला चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत आशा व्यक्त केली की या सैनिकांना ब्रिटिश साम्राज्यात नागरिक म्हणून राहता येईल. ५ जुलैला ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या सरकारला दिली. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाची मिरवणूक निघाली, तेव्हा सैन्य, नौदल आणि वायुदलाच्या रांगांत पोलिश तुकड्या नव्हत्या. फक्त काही वैमानिकांना बोलावलं होतं. सगळ्यांना स्थान नसेल तर आम्हीही नको, असं सांगून तेही आले नाहीत. सप्टेंबरमध्ये वॉर्सा सरकारनं आंदर्स यांच्यासह ७६ अधिकाऱ्यांचं नागरिकत्व काढून घेतलं.

सव्वादोन लाखांच्या आसपास पोलिश सैनिक ब्रिटिश हुकमाखाली होते. त्यांतले सुमारे एक लाख परत गेले. उरलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारनं १९४६ मध्ये ‘पोलिश रीसेटलमेंट कोअर’ काढली. सैन्याच्याच शिस्तीतली, पण शस्त्र न धरणारी ही दोन वर्षांची नोकरी होती. तेवढ्यात इंग्रजी शिकायचं, धंदा शिकायचा आणि नागरी आयुष्यात शिरायचं. खाणकामगार आणि शेतमजुरांच्या संघटनांचा विरोध होता. परके लोक आपली कामं घेतील ही भीती त्यांच्या सभांतून उघड बोलली जात होती. धडधाकट माणसालाच जिथे काम मिळवताना झगडावं लागत होतं, तिथे एका पायाच्या किंवा क्षयानं खंगलेल्या माणसाचं काय?

या प्रश्नाला ब्रिटननं दिलेलं उत्तर २७ मार्च १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यात आहे. पोलिश लोक राहणार कुठे, शिकणार कुठे, औषधोपचार कुठे घेणार, अशा सगळ्यांची तरतूद त्यात आहे. पण कायद्याचं पहिलंच कलम आहे जायबंदी सैनिकांचं आणि मेलेल्यांच्या विधवा-मुलांचं. ब्रिटिश सैनिकाला अपंगत्वाबद्दल जे निवृत्तिवेतन मिळतं, तेच पोलिश सैनिकाला देण्याचा अधिकार या कलमानं मंत्र्याला दिला. युद्धानं कंगाल झालेला, रेशनवर जगणारा देश परक्या फौजेतल्या अपंगांची आयुष्यभराची जबाबदारी उचलत होता. मिरवणुकीतून त्यांना वगळणारं सरकारही हेच होतं. तरीही त्या पहिल्या कलमाचं मोल कमी लेखता येणार नाही. त्यामुळे हजारो घरांची चूल पेटती राहिली.

मात्र त्याला एक अट होती. सेवा ब्रिटिश हुकमाखालची हवी. डॉक्टरांचं मंडळ माणसाला तपासून अपंगत्व टक्क्यांत मोजायचं, आणि ते या सेवेमुळे आलं की नाही, हे ठरवायचं. कासिनोला तुटलेला पाय मोजणं सोपं होतं. पण सैबेरियातल्या लाकूडतोडीत, खाणीत खराब झालेलं फुप्फुस कोणाच्या हुकमाखालचं? ज्या छावणीत ते खराब झालं, तिथला कागद आणायचा कुठून? आणि कागद असला तरी त्याचा उपयोग काय? युद्धातलं दुखणं अनेक सरकारांच्या हद्दींतून माणसाबरोबर चालत येतं. निवृत्तिवेतनाचे नियम मात्र एकेका सरकारनं आपापल्या हद्दीपुरते केलेले असतात. या माणसांच्या वाट्याला आलेलं पुष्कळसं दुःख या फटीतलं आहे.

दरम्यान, नवे देश दार उघडत होते, पण ते निवडून घेत होते. कॅनडानं १९४६-४७ मध्ये ४,५२७ पोलिश सैनिक नेले ते दोन वर्षांच्या शेतमजुरीच्या करारावर. ते अविवाहित आणि डॉक्टरी तपासणीत पास झालेले असायला हवे होते. लिबियातल्या टोब्रुकच्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले काही पोलिश सैनिक टास्मानियात जलविद्युत धरणांच्या कामावर गेले. अमेरिकेनं १९५० मध्ये ब्रिटनमधल्या १८,००० पोलिश सैनिकांसाठी प्रवेशाची तरतूद केली. दरवेळी छातीचं चित्र काढलं जाई, हातपाय तपासले जात. प्रत्येक जहाज धडधाकट तरुणांना घेऊन गेलं, आणि मागे राहणाऱ्यांत लंगडे, आंधळे, क्षयी, वृद्ध आणि मनानं खचलेले यांचं प्रमाण वाढत गेलं. ज्यांच्या हातून लाभ होईल ते कोणालाही हवे असतात. त्यांच्यामागे उरलेल्यांना ठेवून घेण्याचं काम ब्रिटनच्या पदरी पडलं.

सुदैवानं त्यांना समजून घेणारे डॉक्टर तिथे होते. जर्मनांनी पोलंडमधली विद्यापीठं बंद केली होती, तेव्हा २२ मार्च १९४१ ला एडिनबरा विद्यापीठात पोलिश वैद्यकीय शाळा उघडली. प्राध्यापक आंतोनी युराश तिचे पहिले अधिष्ठाता. शिकवणारे पोलिश, पदवीही पोलिश. त्याच वर्षी तिच्या जोडीला पादेरेव्स्की रुग्णालय उभं राहिलं. पियानोवादक आणि पोलंडचे एकेकाळचे पंतप्रधान पादेरेव्स्की यांचं नाव त्याला दिलं होतं. १९४९ मध्ये शाळा बंद झाली तोवर ३३६ जणांनी नाव घातलं होतं आणि २२७ डॉक्टर बाहेर पडले होते. परक्या देशात, बॉम्बवर्षाव चालू असताना, हरवलेल्या देशासाठी डॉक्टर तयार करणं हे केवढं धैर्य! तो देश काही त्यांना मिळाला नाही. त्यांतले बरेच ब्रिटनमध्ये राहिले, आणि १९४७ च्या आणखी एका कायद्यानं परदेशी डॉक्टरांना तिथे कायम व्यवसाय करता येऊ लागला.

वेल्सच्या सीमेवर रेक्समजवळ पेन्ली आणि आयस्कॉइड पार्क इथे अमेरिकी फौजेनं युद्धकाळात तात्पुरती रुग्णालयं उभारली होती. अमेरिकी गेले आणि तिथे पोलिश लष्करी रुग्णालयं आली. डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, पाद्री सगळे पोलिश. वॉर्डात पोलिश बोललं जाई, जेवणात बीटचं सार आणि सणाला पोलिश पक्वान्नं. क्षयाचे रुग्ण महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षं तिथे राहिले. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि पुढे पेन्लीचं रुग्णालय तिच्या छत्राखाली चालत राहिलं. बरे होऊनही ज्यांना जायला घर नव्हतं, त्यांच्यासाठी तेच घर ठरलं. रेक्समच्या दफनभूमीत आजही पोलिश नावांच्या रांगा आहेत.

जळालेल्या वैमानिकांचं नशीब थोडं बरं होतं. ईस्ट ग्रिन्स्टेडला न्यूझीलंडचे सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी नव्या पद्धतीनं चेहरे आणि हात पुन्हा घडवले. त्यांच्या रुग्णांनी ‘गिनी पिग क्लब’ नावाचं मंडळ काढलं. त्याच्या सहाशेहून अधिक सभासदांत पोलिश वैमानिकही होते. तिथे रुग्ण कोणत्या देशाचा, हे कोणी विचारत नव्हतं; गावातले लोक भाजलेल्या चेहऱ्याच्या तरुणांना घरी जेवायला बोलावत.

मनाच्या जखमांना असं गाव मिळालं नाही. ज्याला खरोखरच मध्यरात्री दारावर थाप मारून उचलून नेलं होतं, तो वीस वर्षांनी म्हणू लागला की पोलीस माझ्या मागावर आहेत, तर इंग्रज डॉक्टरनं त्यातला भ्रम किती आणि आठवण किती हे ओळखावं कसं? त्यातून रुग्णाला इंग्रजी येत नाही, आणि दुखणं वाढलं की आलेलं इंग्रजीही विसरतं. मनोरुग्णांची सोय आधी आयस्कॉइड पार्कला आणि नंतर केंटमधल्या मेबलडन रुग्णालयात पोलिश भाषेत करण्यात आली. १९८० मध्ये ब्रॅडफर्ड शहरातला एक अभ्यास ब्रिटिश मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. पोलिश आणि रशियन निर्वासितांत मनोविकारानं रुग्णालयात येण्याचं प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त आहे, असं त्यात दिसलं. तेव्हा या माणसांना ब्रिटनमध्ये येऊन तीस वर्षं झाली होती. त्यांनी कापडगिरण्यांत काम केलं, घरं घेतली, मुलं शिकवली; आतली जखम मात्र उघडीच राहिली होती.

कामाच्या बाबतीत १९४४ च्या कायद्याचा आधार होता. वीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या मालकानं तीन टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्यायच्या, असा तो नियम. पण भाषा न येणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्याला त्यातून फारसं हाती लागत नसे. लंडनच्या हॉटेलांत चांदीची भांडी घासणाऱ्या माजी अधिकाऱ्यांना त्यांचेच लोक ‘रुपेरी ब्रिगेड’ म्हणत. १९४७ चा कायदा अपंगत्वाचं वेतन देत होता, सेवेचं देत नव्हता. म्हणून धडधाकट सेनापतींचीही परवड झाली. फ्रान्समध्ये फालेझला जर्मनांचा कोंडमारा करणारे आणि हॉलंडमधलं ब्रेडा शहर गोळाफेकीनं उद्ध्वस्त न करता सोडवणारे जनरल स्तानिस्वाव माचेक एडिनबरात हॉटेलच्या बारमध्ये काम करत. घरी मुलीचं दीर्घ आजारपण होतं. हे डच सरकारला कळलं तेव्हा त्यानं गाजावाजा न करता माचेक यांना जनरलच्या तोलाचं वेतन सुरू केलं. माचेक १०२ वर्षांचे होऊन १९९४ मध्ये वारले आणि ब्रेडात आपल्या सैनिकांशेजारी त्यांना पुरण्यात आलं. हॉलंडमधल्या आर्नहेमच्या लढाईतले जनरल सोसाबोव्स्की लंडनमध्ये कारखान्यात साधे कामगार झाले. त्यांच्या मुलाची दृष्टी वॉर्साच्या १९४४ च्या उठावात गेली होती.

१९४७ च्या अखेरीपासून वळिवड्यातली कुटुंबं मुंबईहून जहाजांनी निघाली. कित्येक मुलांनी पाच-सहा वर्षांनी बाप पाहिला. ही कुटुंबं राहिली ती लष्करानं सोडलेल्या निसेन झोपड्यांत, पिंप उभं चिरून जमिनीवर पालथं घालावं तशा, पन्हळी पत्र्याच्या. हिवाळ्यात मधोमध एक लोखंडी शेगडी. आजारी नवऱ्याची शुश्रूषा आणि पगाराचं काम असं दोन्ही बायकांच्या अंगावर पडलं. त्यांच्या या कष्टाला कुठल्याच कायद्यात कलम नव्हतं, आणि ही सगळी व्यवस्था त्यांच्याशिवाय एक दिवसही चालली नसती.

सैनिकांनी स्वतःही हात आखडता घेतला नाही. पोलिश माजी सैनिकांची संघटना १९४६ पासून देशोदेशी शाखा काढत गेली. जायबंदी सैनिकांचा वेगळा संघ निघाला. १९४९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर पेन्रोसच्या जुन्या विमानतळावर पोलिश गृहसंस्थेनं वृद्ध आणि अपंगांसाठी एक गावच वसवलं. त्यात चर्च, ग्रंथालय, दुकान आणि शुश्रूषागृह होतं. ते सत्तर वर्षं टिकलं. डेव्हनमध्ये न्यूटन ॲबटजवळ स्टोव्हरची छावणी १९४८ मध्ये सुरू झाली. आजूबाजूचे लोक तिला ‘छोटा पोलंड’ म्हणू लागले. १९९२ मध्ये झोपड्यांच्या जागी नवी इमारत आली आणि ‘इल्फर्ड पार्क’ नावाचं ते वृद्धाश्रमासारखं घर ब्रिटिश सरकारच्या माजी सैनिकांच्या खात्यानं पुढे चालवलं. तिथे दाखल होण्याची पात्रता ठरते ती १९४७ च्याच कायद्यावरून. वय वाढलं, विस्मरणाचा आजार जडला की उशिरा शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची उरते. म्हणून तिथे पोलिश बोलणारी परिचारिका ही औषधाइतकीच गरजेची. पेन्लीचं रुग्णालय मात्र २००२ मध्ये बंद झालं.

अटलांटिकपलीकडे हीच गोष्ट आणखी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत राहणारे वीस हजारांच्या आसपास पोलिश तरुण कॅनडातल्या नायगराकाठच्या छावणीत तयार होऊन फ्रान्सला गेले आणि जनरल हालर यांच्या निळ्या गणवेशाच्या फौजेत लढले. अमेरिकेत परतल्यावर त्यांना कळलं की अमेरिकेच्या हिशेबात ते परक्या फौजेचे सैनिक आहेत. अमेरिकी माजी सैनिकांची रुग्णालयं आणि भत्ते त्यांच्यासाठी नाहीत. १९२१ मध्ये क्लीव्हलँडला त्यांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि आपल्या अपंग साथीदारांसाठी वर्गणी गोळा केली. पादेरेव्स्की यांनी या कामाला आधार दिला. पुढे १९५० च्या तरतुदीनं ब्रिटनहून आलेले दुसऱ्या महायुद्धातले सैनिक त्यांना येऊन मिळाले. त्यांच्याही हाती अमेरिकी सेवेचा कागद नव्हता. दोन पिढ्यांनी मिळून वॉशिंग्टनकडे मागणी लावून धरली. अखेर ऑक्टोबर १९७६ मध्ये कायदा झाला. दोन्हीपैकी कोणत्याही महायुद्धात पोलंडच्या किंवा चेकोस्लोव्हाकियाच्या फौजेतून अमेरिकेच्या शत्रूशी लढलेल्या आणि किमान दहा वर्षं अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या माणसाला माजी सैनिकांच्या रुग्णालयांत उपचार मिळू लागले. हालरच्या फौजेत १९१८ मध्ये जो वीस वर्षांचा होता, तो तेव्हा अठ्ठ्याहत्तरीत होता.